ई. कोलाय: एक नाव, अनेक घराणी

लघवीचा संसर्ग आणि तो घडवणारे जिवाणू यांविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे या वेळी निवडली आहेत. सगळ्या पत्रांची उत्तरे ई. कोलाय या एकाच जिवाणूपाशी येत असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: मी चौतीस वर्षांची असून शाळेत शिकवते. गेल्या दहा महिन्यांत मला तीनदा लघवीचा संसर्ग झाला. तिन्ही वेळा युरिन कल्चरच्या रिपोर्टवर ‘ई. कोलाय, एक लाखाहून अधिक’ असेच लिहून आले. गोळ्या प्रत्येक वेळी पूर्ण घेतल्या. हा एकच जंतू माझ्या शरीरात दडून बसला आहे, की दर वेळी नवा येतो? माझ्या स्वच्छतेत काही कमी पडते आहे का?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो विचारताना आपल्याला संकोच वाटला असावा आणि तसा तो वाटण्याचे काहीही कारण नाही. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असतो, पुरुषाचा साधारण वीस. त्याचे तोंड गुदद्वाराजवळ असते आणि ई. कोलायचे मूळ घर आपले आतडेच आहे. त्यामुळे सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत चारपैकी सुमारे एकीला तो पुन्हा होतो. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, तर वैद्यकात त्याला पुनःपुन्हा होणारा संसर्ग म्हणतात. आपण त्या व्याख्येत बसता, म्हणून आता त्याच गोळ्या पुन्हा घेत न राहता तज्ज्ञांकडून नीट तपासणी करून घ्यावी.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. गावात पाटील आडनावाची चाळीस घरे असतात. ‘पाटील येऊन गेले’ एवढाच निरोप मिळाला, तर कोणत्या घरचे माणूस आले होते हे कळत नाही. रिपोर्टवरच्या ‘ई. कोलाय’ या नावाचेही तसेच आहे. प्रयोगशाळेत लघवीचा नमुना पोषक माध्यमावर पसरवतात, मॅक्कॉन्की माध्यमाच्या थाळीवर एका रात्रीत गुलाबी वसाहती उमटतात, काही चाचण्यांनी जिवाणूची जात ठरते आणि कोणती औषधे त्याला लागू पडतात ते पाहिले जाते. एक लाख ही एका मिलिलिटरमागची मर्यादा बॉस्टनच्या एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकात मांडली. नमुना घेताना बाहेरून मिसळलेले जंतू आणि खरोखर लघवीत वाढणारे जंतू यांत फरक करता यावा, हा तिचा हेतू होता. जळजळ, वारंवार लघवीला लागणे अशी लक्षणे असतील, तर याहून कमी आकडाही खरा संसर्ग असू शकतो. मात्र जातीच्या आतला वाण कोणता, हे या चाचणीत पाहिलेच जात नाही.

वाण ओळखण्याच्या पद्धती निराळ्या आहेत आणि त्या बहुधा संशोधनासाठी किंवा रुग्णालयातील साथीच्या तपासासाठी वापरल्या जातात. जिवाणूच्या डीएनएमध्ये काही छोटे तुकडे ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा येतात. त्यांच्यामधल्या भागाच्या पीसीआर या तंत्राने असंख्य प्रती काढल्या की पट्ट्यांचा एक नमुना मिळतो आणि तो बोटाच्या ठशासारखा दुसऱ्या वाणाशी ताडून पाहता येतो. दुसऱ्या पद्धतीत रोजच्या जगण्याला आवश्यक अशा सात जनुकांचा अक्षरक्रम वाचून वाणाला एक क्रमांक देतात. या क्रमांकाला ‘सीक्वेन्स टाइप’, म्हणजे थोडक्यात एसटी, म्हणतात. आता तर पूर्ण जनुकसंचच वाचता येतो. त्यात सुमारे ५० लाख अक्षरे असतात आणि एका वर्षात त्यांतली साधारण एखाद-दोनच बदलतात. त्यामुळे मार्च आणि नोव्हेंबरमधल्या दोन वाणांत मोजक्याच अक्षरांचा फरक आढळला, तर तो एकच वाण असे मानता येते, आणि हजारो अक्षरांचा फरक असेल तर पाहुणा नवा.

अशा पद्धतींनी तपासलेल्या स्त्रियांमध्ये दोन्ही गोष्टी आढळतात, पण जुनाच वाण परत येण्याचे प्रमाण पूर्वी समजले जाई त्यापेक्षा बरेच जास्त आहे. त्याचा सर्वांत मोठा साठा आतड्यात असतो. गोळ्यांनी लघवी स्वच्छ होते, तरी आतड्यातला वाण टिकून राहतो आणि काही आठवड्यांनी त्याच वाटेने पुन्हा वर चढतो. दुसरा साठा मूत्राशयाच्या अस्तरातच असू शकतो. अमेरिकेत सेंट लुइस येथील स्कॉट हल्टग्रेन यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवून दिले, की हे जिवाणू अस्तराच्या पेशींच्या आत शिरून दाट वसाहती करतात, आणि काही जण खोलवरच्या पेशींत न वाढता नुसते पडून राहतात. पुढे मूत्राशयदाह झालेल्या स्त्रियांच्या लघवीतल्या पेशींतही अशा वसाहती दिसल्या. ‘दडून बसला आहे का’ हा आपला शब्दप्रयोग त्यामुळे अगदी नेमका आहे.

आपल्याला घरबसल्या करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. तिन्ही रिपोर्ट आणि औषधे संपल्याच्या तारखा एकत्र ठेवा व डॉक्टरांना दाखवा. औषध संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत तोच जंतू परत आला असेल, तर मूतखडा किंवा लघवी पूर्ण रिकामी न होणे यांसारखे कारण शोधावे लागते. रिपोर्टवरची औषधांची यादी तिन्ही वेळा अगदी वेगवेगळी असेल, तर वाण वेगळे असण्याची शक्यता वाढते. परंतु यादी सारखी असली म्हणून वाण एकच ठरत नाही, हे लक्षात असू द्यावे.

प्रश्न: मी बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात आहे. ई. कोलाय हा आतड्यातला निरुपद्रवी रहिवासी आहे असे एका धड्यात शिकवले आणि तोच लघवीच्या संसर्गाचे प्रमुख कारण आहे असे दुसऱ्या धड्यात. एकच जिवाणू दोन्ही कसा असू शकतो? त्याची रोगकारक क्षमता कोठून येते?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर: दोन्ही धडे बरोबर आहेत. त्यांच्या मध्ये एक धडा असायला हवा होता, तो येथे देण्याचा प्रयत्न करते.

थिओडोर एशरिश यांनी १८८५ मध्ये म्युनिक येथे तान्ह्या बाळांच्या विष्ठेतून या जिवाणूचे वर्णन केले, तेव्हा तो निरोगी बाळांतही सापडत होता. आज आपण ज्याला एक जात म्हणतो, तिच्यातली विविधता थक्क करणारी आहे. २००२ मध्ये सीएफटी०७३ या वाणाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. तो वाण अमेरिकेतील मेरीलँडमध्ये, मूत्रपिंडाचा तीव्र संसर्ग झालेल्या एका स्त्रीच्या रक्तातून मिळाला होता. त्याची तुलना प्रयोगशाळेतला पाळीव के-१२ आणि रक्तमिश्रित जुलाब घडवणारा ओ१५७ या दोन वाणांशी केली, तेव्हा तिघांच्या मिळून एकूण प्रथिनांपैकी फक्त ३९.२ टक्के प्रथिने तिघांतही समान निघाली. सीएफटी०७३ चा जनुकसंच सुमारे ५२ लाख अक्षरांचा आहे, तर के-१२ चा सुमारे ४६ लाखांचा. ही जी सहा लाख अक्षरे जास्त आहेत, त्यांतच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

ती अक्षरे जनुकसंचात सगळीकडे विखुरलेली नसतात. बाहेरून, दुसऱ्या जिवाणूंकडून आलेली जनुके मोठमोठ्या गठ्ठ्यांनी एकेका जागी बसलेली असतात. जर्मनीतील यॉर्ग हाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लघवीच्या संसर्गातल्याच ५३६ या वाणाचा अभ्यास करताना हे गठ्ठे ओळखले. त्यांना आज रोगकारकतेची बेटे म्हणतात.

या बेटांवर आणि त्यांच्याबाहेर काय काय असते, हे समजायला जिवाणूचा प्रवास डोळ्यांसमोर आणावा. मूत्राशयात पोचलेल्या जिवाणूपुढची पहिली अडचण वाहून जाण्याची असते. त्यावर उपाय म्हणजे त्याच्या अंगावरचे टाइप १ फिम्ब्रिया, म्हणजे केसांहून कितीतरी पटींनी बारीक असे प्रथिनांचे तंतू. तंतूच्या टोकावर फिमएच नावाचे प्रथिन असते आणि ते मूत्राशयाच्या अस्तरावरच्या युरोप्लाकिन प्रथिनाला जोडलेली मॅनोज शर्करा पकडते. ही पकड मला आजही विलक्षण वाटते. साध्या पकडीवर ताण दिला की ती सुटते, पण फिमएचची पकड ताण आल्यावर अधिक घट्ट होते. लघवीचा प्रवाह जोरात असताना जिवाणू घट्ट धरून बसतो आणि प्रवाह मंदावला की पकड सैल करून पुढे सरकू शकतो. मात्र येथेच एक महत्त्वाचा मुद्दा आहे: फिमएचचे जनुक निरुपद्रवी वाणांतही बहुतेक सर्वत्र असते. ते असणे पुरेसे नाही. त्यातले बारीक फरक आणि ते केव्हा चालू होते, यावर पुढचे ठरते.

मूत्रपिंडापर्यंत चढणाऱ्या वाणांत आणखी एक तंतू वारंवार सापडतो, तो म्हणजे पी फिम्ब्रिया. तो पी रक्तगटाशी संबंधित शर्करेला चिकटतो. ही शर्करा मूत्रपिंडाच्या पेशींवर भरपूर असते आणि जगातल्या बहुतेक सर्व माणसांत असते. ज्या फार थोड्या लोकांत ती नसते, त्यांच्या पेशींवर या तंतूला धरायला काही उरत नाही. चिकटून बसल्यावर पुढची गरज लोहाची. लघवीत मोकळे लोह नगण्य असते, म्हणून हे वाण लोह खेचून आणणारे रेणू बाहेर सोडतात, आणि तेही एक नव्हे, तीन-तीन, चार-चार प्रकारचे. याशिवाय पेशींना छिद्रे पाडणारे हिमोलायसिन, पेशींचा अंतर्गत सांगाडा बिघडवणारे सीएनएफ१ नावाचे विष आणि पांढऱ्या पेशींना चकवणारे शर्करेचे कवच ही आयुधे कमीअधिक प्रमाणात असतात. यांपैकी कोणतेही एक आयुध सर्व रोगकारक वाणांत सापडत नाही. प्रत्येक वाणाचा संच निराळा असतो आणि ‘हे जनुक आहे म्हणजे रोग होणारच’ असे एकाही जनुकाबद्दल म्हणता येत नाही.

आता नात्यागोत्याचा भाग. ई. कोलायचे ए, बी१, बी२, डी असे वंशगट पाडतात. २००० साली फ्रान्समधील क्लेरमाँ आणि सहकाऱ्यांनी तीनच खुणा पीसीआरने तपासून वंशगट ठरवण्याची सोपी पद्धत दिली, आणि पुढे तिच्यात सुधारणा होऊन गटांची संख्या वाढली. लघवी आणि रक्तातून मिळणाऱ्या वाणांत बी२ आणि डी हे गट पुष्कळदा पुढे असतात, तर ए आणि बी१ गटांत आयुधे सहसा कमी असतात. आयुधांची बेटे एका वाणातून दुसऱ्यात जाऊ शकत असूनही ती ठरावीक घराण्यांतच पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात, म्हणूनच कुळ आणि क्षमता यांचा संबंध जोडता येतो.

पण ही घराणी आतड्यात काय करत असतात? मूत्राशय ही जिवाणूच्या दृष्टीने आडवाट आहे. तेथून पुढच्या माणसाकडे पोचण्याची संधी फारशी नसते. स्वीडनमध्ये तान्ह्या मुलांच्या आतड्यांतील ई. कोलायचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला, तेव्हा पी फिम्ब्रिया असलेले वाण आतड्यात अधिक काळ टिकतात असे दिसले. म्हणजे ज्यांना आपण रोगाची आयुधे म्हणतो, ती मुळात आतड्यात पाय रोवण्याची साधने असण्याची शक्यता मोठी आहे. माझ्या मते ‘निरुपद्रवी’ आणि ‘रोगकारक’ या दोन कप्प्यांऐवजी एकाच जिवाणूची दोन ठिकाणे असा विचार केला, तर आपले दोन्ही धडे एकमेकांशी जुळतील.

प्रश्न: औषधांना न जुमानणारी ‘एसटी १३१’ नावाची जिवाणूची जात भारतातून जगभर पसरली, असे वाचनात आले. आमच्या पिंपरी-चिंचवड भागात लघवीच्या संसर्गाचे रुग्ण पुष्कळ आढळतात. येथील जंतूंचा असा काही अभ्यास झाला आहे का?
— एक निवृत्त अभियंता, चिंचवड

उत्तर: झाला आहे, आणि तो आपल्याच परिसराशी संबंधित आहे. पुण्याजवळच्या एका निमशहरी, औद्योगिक भागातील रुग्णांकडून मिळालेल्या १५० मूत्रमार्ग-रोगकारक ई. कोलाय वाणांचा अभ्यास २०११ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तुलनेसाठी भारतातीलच ५० निरुपद्रवी आतड्यातले वाण आणि जर्मनीतील ५० रोगकारक वाण घेतले होते.

त्यातील सर्वांत बोलका आकडा हिमोलायसिनचा आहे. तांबड्या पेशी फोडण्याची क्षमता लघवीतल्या ६० टक्के वाणांत होती आणि विष्ठेतल्या फक्त २ टक्क्यांत. पी फिम्ब्रिया लघवीतल्या ४० टक्के वाणांत दिसले, विष्ठेतल्या ८ टक्क्यांत. टाइप १ फिम्ब्रियांतला फरक मात्र ४५ आणि २५ टक्के असा तुलनेने कमी होता, आणि वरच्या उत्तरात फिमएचबद्दल जे सांगितले त्याच्याशी हे सुसंगत आहे. रक्तद्रवात टिकून राहण्याची क्षमता आणि पृष्ठभागाचा जलविरोधी गुण यांचा मात्र संसर्गाशी लक्षणीय संबंध आढळला नाही. पाठ्यपुस्तकांत या दोन गुणांचा उल्लेख रोगकारकतेच्या यादीत असतो, म्हणून हा नकारात्मक निष्कर्षही मला तेवढाच मोलाचा वाटतो.

आता एसटी १३१ विषयी. ती वेगळी जात नव्हे. ई. कोलायच्याच बी२ वंशगटातली ही कुळी, म्हणजे एका पूर्वजापासून आलेल्या वाणांचा समूह, २००८ मध्ये एकाच वेळी अनेक देशांतून नोंदली गेली. तिच्यावर ओ२५बी ही पृष्ठभागाची खूण असते, सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या वर्गातली औषधे तिच्यावर बहुधा चालत नाहीत, आणि तिच्या पुष्कळ वाणांत सीटीएक्स-एम-१५ हे सेफॅलोस्पोरिन औषधे निकामी करणारे विकर असते. पुण्याच्या त्या संग्रहात ओ२५बी खूण असलेले चार वाण सापडले. म्हणजे ही कुळी येथे होती, पण सगळे संसर्ग तिचेच होते असे नाही.

भारतातून पसरल्याचा समज कोठून आला असावा, हेही सांगता येईल. सीटीएक्स-एम-१५ चे पहिले वर्णन दिल्लीतून १९९९ मध्ये मिळालेल्या जिवाणूंवरून झाले आणि ते २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पण हे जनुक प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एका फिरत्या कड्यावर असते आणि ते एका कुळीतून दुसऱ्या कुळीत, इतकेच काय दुसऱ्या जातीतही जाऊ शकते. जनुकाचा प्रवास आणि कुळीचा प्रवास या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एकाचा पत्ता सापडला म्हणून दुसऱ्याचा सापडत नाही. पुण्याच्या अभ्यासात पट्ट्यांच्या नमुन्यांवरून वंशावळ मांडली, तेव्हा भारतीय आणि जर्मन वाण एकमेकांपासून वेगळे पडले, आणि ई. कोलाय येथून पश्चिमेकडे किंवा तिकडून इकडे पसरल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. एखाद्या जंतूला एखाद्या देशाचे नाव चिकटवण्यापूर्वी असे शेजारी शेजारी ठेवून केलेले मोजमाप व्हायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

एकच कुळी दूरवर पसरू शकते, हे मात्र खरे आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९९९-२००० मध्ये विद्यार्थिनींच्या लघवीतून मिळालेल्या, ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या जिवाणूंची छाननी झाली. त्यांतला जवळजवळ निम्मा वाटा एकाच कुळीचा निघाला, आणि तीच कुळी मिशिगन आणि मिनेसोटा या दूरच्या राज्यांतही सापडली. तोपर्यंत लघवीचा संसर्ग ही प्रत्येकीची सुटी, वैयक्तिक बाब मानली जाई. त्याचीही साथीसारखी एक बाजू असू शकते, हा विचार त्या शोधानंतर रुजला.

प्रश्न: पत्नीला संसर्ग झाला, तर मलाही औषध घ्यावे लागेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: आपल्याला लक्षणे नसतील, तर नाही. एका घरातील माणसांच्या, आणि पाळीव कुत्र्याच्याही, आतड्यात एकच वाण सापडू शकतो, हे वाणांच्या ठशांवरून अनेकदा दिसले आहे. शरीरसंबंधानंतर संसर्गाची शक्यता वाढते हेही खरे आहे. परंतु हा गुप्तरोग नव्हे. आपण औषध घेतल्याने पत्नीच्या आतड्यातला वाण हलत नाही, आणि विनाकारण घेतलेल्या प्रतिजैविकामुळे आपल्याच आतड्यात औषधांना दाद न देणारे वाण निवडले जातात.

प्रश्न: कोंबडीच्या मांसातून लघवीचा संसर्ग होतो, असा संदेश मोबाइलवर फिरतो आहे. त्यात तथ्य आहे का?
— एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर: थोडे तथ्य आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातील फ्लॅगस्टाफ या गावात २०१२ मध्ये वर्षभर दुकानांतील मांस आणि रुग्णांची लघवी या दोन्हींतून ई. कोलाय गोळा केले गेले, आणि २०१८ मध्ये त्यांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. एसटी १३१ कुळीतली एच२२ ही एक शाखा कोंबडी-टर्कीच्या मांसात आणि माणसांच्या लघवीतही आढळली. त्या शाखेतल्या वाणांत पक्ष्यांच्या ई. कोलायशी निगडित प्लास्मिडही होते, म्हणजे काही वाण पक्ष्यांकडून माणसाकडे आले असावेत. मात्र त्याच कुळीतल्या, औषधांना सर्वाधिक दाद न देणाऱ्या एच३० शाखेचा मुख्य प्रवास माणसाकडून माणसाकडे होतो.

रस्सा उकळला की जिवाणू मरतो. धोका असतो तो कच्चे मांस हाताळण्यात. ज्या विळीवर किंवा पाटावर कोंबडी कापली, त्यावर न धुता कांदा-कोथिंबीर कापू नये आणि हात साबणाने धुवावेत. संदेश पुढे पाठवण्यापेक्षा याचा उपयोग नक्कीच अधिक आहे.

प्रश्न: जिवाणू शर्करेला चिकटतो, म्हणून डी-मॅनोजची पावडर घेतल्यास तो सुटून येतो, असे औषधाच्या दुकानात सांगण्यात आले. पावडर महाग आहे. आमच्या आजी बार्लीचे पाणी देत असत. कोणते खरे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: कल्पना तर्काला धरून आहे. फिमएचला मोकळी मॅनोज मिळाली, तर ते अस्तरावरची मॅनोज सोडेल, आणि काचपात्रात तसे घडतेही. पण माणसांवरची परीक्षा वेगळी असते. ब्रिटनमध्ये वारंवार संसर्ग होणाऱ्या सुमारे ६०० स्त्रियांना सहा महिने रोज डी-मॅनोज किंवा दिसायला तशीच साधी पावडर दिली गेली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांतल्या जवळपास निम्म्या स्त्रियांना पुन्हा उपचार घ्यावे लागले, आणि दोन्हींत लक्षणीय फरक नव्हता. तेव्हा त्या पावडरीवर पैसे खर्च करावेत असे मी म्हणणार नाही.

आजींच्या उपायात पाणी होते, आणि पाण्याच्या बाजूने चांगला पुरावा आहे. मुळात कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या १४० स्त्रियांचा बल्गेरियातील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायले, त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांना ३.२ वेळा. बार्ली आवडत असेल तर जरूर घालावी. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाणी वाढवू नये.

प्रश्न: माझ्या आईचे वय बहात्तर आहे. तिला काहीही त्रास नाही, ताप नाही, जळजळ नाही. सर्वसाधारण तपासणीत लघवीत ई. कोलाय एक लाखाहून अधिक निघाले. दोन वेळा प्रतिजैविके देऊनही पुढच्या कल्चरमध्ये ते पुन्हा आलेच. आता इंजेक्शने देऊ असे म्हणतात. मी घाबरले आहे.
— एक वाचक, अमरावती

उत्तर: आपली भीती समजते, पण आपण वर्णन केलेल्या परिस्थितीला लक्षणरहित जिवाणूमूत्रता म्हणतात. उतारवयातील स्त्रियांत ती पुष्कळदा आढळते. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गाच्या आत उपकरण घालून अस्तराला इजा होईल अशी शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण सोडले, तर प्रौढांमध्ये तिच्यावर सहसा प्रतिजैविके देऊ नयेत, असे आज मानले जाते. ती दिल्याने पुढचा आजार टळत नाही. औषधांना न जुमानणारे वाण मात्र वाढतात, आणि उद्या खरा संसर्ग झाला तर हाताशी औषध उरत नाही.

असे जिवाणू लघवीत असूनही त्रास का देत नाहीत, याचे एक सुंदर उदाहरण स्वीडनमधले आहे. तेथील एका शाळकरी मुलीच्या लघवीत एकच वाण तीन वर्षे होता आणि तिला कसलीही तक्रार नव्हती. त्या वाणाला ८३९७२ हा क्रमांक आहे. त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा तो वर उल्लेखलेल्या, रक्तापर्यंत पोचलेल्या सीएफटी०७३ च्याच एसटी ७३ घराण्यातला निघाला. आतड्याच्या आजारांवर औषध म्हणून दिला जाणारा निसल १९१७ हा वाणही याच घराण्यातला आहे. एका जर्मन सैनिकाच्या आजूबाजूचे सर्वजण जुलाबाने आजारी पडले होते आणि तो एकटा बरा राहिला होता. अल्फ्रेड निसल यांनी त्याच्याच विष्ठेतून हा वाण वेगळा केला. स्वीडनच्या त्या वाणात टाइप १ आणि पी या दोन्ही तंतूंची जनुके तुटलेल्या किंवा बिघडलेल्या अवस्थेत आहेत. म्हणजे आयुधांचे अवशेष आहेत, पण ती चालत नाहीत, आणि त्यामुळे शरीरही त्याच्यावर चवताळून उठत नाही. स्वीडनमधल्याच लुंड येथील डॉक्टरांनी तर मूत्राशय पूर्ण रिकामे न होणाऱ्या काही रुग्णांच्या मूत्राशयात हा वाण मुद्दाम सोडला, आणि तो तेथे असेपर्यंत त्यांना त्रासदायक संसर्ग कमी वेळा झाले. आपल्या आईच्या लघवीतला वाण अगदी असाच असेल असे या रिपोर्टवरून सांगता येणार नाही. परंतु आईला काहीच त्रास नाही, ही गोष्ट एक लाखाच्या आकड्यापेक्षा अधिक वजनाची आहे.

म्हणून इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दोन गोष्टी नम्रपणे, पण स्पष्टपणे विचाराव्यात: कोणत्या लक्षणासाठी हे औषध आहे, आणि ते न दिल्यास कोणता धोका आहे. आईला थंडी वाजून ताप आला, कमरेच्या एका बाजूला दुखू लागले, उलट्या झाल्या किंवा लघवी करताना नव्याने जळजळ सुरू झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. अचानक गोंधळल्यासारखे होऊ लागल्यास तेही तातडीचे आहे, पण तेव्हा लघवीकडे बोट दाखवून थांबू नये; सोडियम, साखर, औषधांचे परिणाम हेही तपासून घ्यावे. लघवीला वास येतो किंवा ती गढूळ दिसते, एवढ्या कारणावरून पुन्हा कल्चर करू नये.